आठ दिवस पेटीत पडलेला घण

गेममधल्या राजधानीच्या भर चौकात, कारंज्याच्या कठड्याला पाठ लावून, एक बुटका दाढीवाला नुसत्या लंगोटीवर उभा असायचा. आजूबाजूने सोन्याची चिलखतं घातलेले, पंख लावलेले, जळत्या घोड्यांवर बसलेले खेळाडू जात-येत असायचे. त्याच्याभोवती उड्या मारायचे, नाचायचे, टिंगल लिहायचे. ‘भाई, कपडे धुलने गये क्या?’ बुटका ढिम्म. अर्धा तास, तास, कधी दोन तास. तो बुटका म्हणजे आमचे फोरमन, आणि त्या वेळी ते फार महत्त्वाच्या कामात असायचे.

फोरमन म्हणजे राखोलीच्या वाटेवरच्या एका सूत कारखान्याचे मेन्टेनन्स फोरमन. वय चोपन्न, मूळचे अमळनेरकडचे, पोट जरा सुटलेलं, खिशात एका बाजूला स्क्रू-ड्रायव्हर आणि दुसऱ्या बाजूला बडीशेपेची डबी. डाव्या हाताला दोनच बोटं, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. बाकीची तीन तरुणपणी धुळ्याला एका यंत्रमागात गेली होती. ‘मी दीड हाताचा माणूस,’ असं ते स्वतःच आधी सांगून टाकायचे, म्हणजे समोरच्याने हाताकडे चोरून बघायला नको.

मी नाशिकची. इंजिनिअरिंग करून पहिल्याच नोकरीला सिल्वासात आले, क्वालिटी विभागात. तोंडाने फटकळ, डोक्याने गरम, आणि आपल्याला सगळं येतं असा ठाम समज. आल्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी एक नवी, जास्त वेगाची मोटर मंजूर करून आणली. सूत पिळणाऱ्या एका जुन्या मशीनवर ती बसवायची, की उत्पादन वाढलंच म्हणून समजा! मोटर आली. फोरमननी ती आपल्या टेबलावर ठेवली, तिच्याभोवती फेरी मारली, तिला नमस्कार केला आणि गेले चहाला.

एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. मोटर टेबलावरच. मी तणतणत गेले. ‘फोरमन, बसवायची कधी?’

‘आठ दिवस झाले की बसवू मॅडम. नवीन पार्ट आठ दिवस डोळ्यासमोर राहिला पाहिजे.’

‘ती काय मुलगी दाखवायला आणलीय का? चार बोल्ट तर आहेत!’

ते हसले. मग म्हणाले, ‘मोटर नवीन बसवाल. पट्टा जुनाच? पुली जुनीच? बेअरिंग? स्टार्टर? खालचा फाउंडेशनचा बोल्ट बघितला का, किती वर्षं झाली त्याला? एक नवीन बसवायचं म्हणजे पाच जुने उठवायचे मॅडम. नाहीतर नवीनच सगळ्यांना घेऊन मरतं.’

मी ऐकलं नाही. वरून सही आणली आणि मोटर बसवून घेतली. दुसऱ्या पाळीत पट्टा तुटला, सूत तुटलं, मशीन तीन दिवस बंद. फोरमन मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मशीनला नमस्कार केला, सगळं उघडलं, आणि पाचही गोष्टी बदलून मग तीच मोटर पुन्हा बसवली. ते मशीन मग असं पळायला लागलं की इतर पाळ्यांचे लोक बघायला यायचे.

त्याच वेळी मला त्यांच्या टेबलावर बॉबिनच्या खोक्याचा एक पुठ्ठा दिसला. फोरमन सगळं पुठ्ठ्यावर लिहायचे, कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. मला वाटलं मशीनचं ड्रॉइंग असेल. वाचायला लागले तर मधोमध एक कुऱ्हाड, आणि भोवती बाण काढून लिहिलेलं: ‘विष नको. रोष वाढवा. डोक्याचं चिलखत हलकं. अंगठी बदलणे.’ मी किंचाळलेच. कारण ती कुऱ्हाड मी ओळखत होते. तो गेम मी कॉलेजपासून खेळत होते!

‘फोरमन, तुम्ही? तुम्ही हा खेळता?’

ते चक्क लाजले. मुलगा बंगळूरला नोकरीला गेला तेव्हा कॉम्प्युटर घरी टाकून गेला होता. त्यांच्या बायको, आमच्या काकू, म्हणाल्या देऊन टाका कुणाला तरी. फोरमननी द्यायच्या आधी उघडून साफ करायला घेतला, चालू होतो का बघायला चालू केला, आणि पुढची तीन वर्षं तो बंदच झाला नाही.

ज्यांनी असला गेम कधी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगते. तुमचा एक माणूस असतो. तुम्ही त्याला वाढवता. मिळालेले गुण कुठे ताकदीला, कुठे चपळाईला, कुठे आयुष्याला वाटता; विद्या शिकवता, चिलखतं चढवता. ही सगळी मांडणी म्हणजे त्याचा बिल्ड. गोष्ट संपते, आणि खरा गेम तिथून सुरू होतो. शेवटच्या गडांवर बसलेल्या राजांना पाडायचं. त्यांच्याकडून जी शस्त्रं मिळतात ती नुसती जास्त लागणारी नसतात. प्रत्येकाचा स्वतःचा एक विचित्र नियम असतो, आणि तो नियम तुमच्या आजवरच्या मांडणीची पार वाट लावतो. इथेच बहुतेक लोक फसतात. जुन्याच माणसाच्या हातात नवं शस्त्र देतात आणि वर ओरडतात की शस्त्र बेकार आहे.

आमचा प्रवीण तसाच ओरडला होता. प्रवीण नंदुरबारचा, आमच्याच कारखान्यात मशीन ऑपरेटर. त्याला एक धनुष्य मिळालं. नियम असा, की प्रत्येक बाण तुमच्याच आयुष्यातून निघतो, मारायचं तर आपलं रक्त द्यायचं. पठ्ठ्याने लावलं, वीस बाण मारले आणि स्वतःच मेला. तीन वेळा.

‘भंगार आहे फोरमन! फेकून देतो!’

फोरमनच्या समोर ‘भंगार’ हा शब्द काढायची सोय नव्हती. कारखान्यातही नाही. ते एकदम ताठ झाले. ‘भंगार तू आहेस भो. धनुष्य चांगलं आहे. सगळं उतरव आधी.’

मग प्रवीणचा धनुर्धारी चौकात, बुटक्याच्या शेजारी, लंगोटीवर. फोरमन एकेक गोष्ट चढवायला सांगायचे. एका वेळी एकच बदल, तीन ट्रायल, पुठ्ठ्यावर नोंद, मग पुढचा बदल. जाड चिलखत काढलं. लागलेल्या प्रत्येक बाणामागे थोडं आयुष्य परत देणाऱ्या दोन अंगठ्या घातल्या. आणि आयुष्य जितकं कमी तितका मार जास्त, अशी एक विद्या शिकवली, जिच्याकडे कुत्रंसुद्धा बघत नव्हतं. अहो, चौथ्या दिवशी हाच प्रवीण मरणाच्या काठावर उभा राहून असे बाण सोडायला लागला की मला माझ्या सुऱ्यांची लाज वाटली. ‘काय बदललं?’ फोरमननी विचारलं. प्रवीण म्हणाला, ‘सगळंच.’ ‘मग बरोबर,’ म्हणाले, आणि बडीशेप तोंडात टाकली.

आम्ही चौघं होतो. फोरमन, प्रवीण, मी, आणि इलेक्ट्रिकलचे जिग्नेशभाई. जिग्नेशभाई ढाल घेऊन पुढे उभे राहायचे आणि मार खाताना स्वतःच ‘ओय मा!’ करून ओरडायचे. रविवारी दुपारी आम्ही आपापले लॅपटॉप घेऊन फोरमनच्या राखोलीच्या खोलीत जमायचो. त्यांचा कॉम्प्युटर मशीनच्या पॅकिंगच्या फळ्यांपासून केलेल्या टेबलावर. आत काकू शेवभाजी करत असायच्या आणि वासानेच निम्मं लक्ष उडायचं. कारखान्यात ते मला मॅडम म्हणायचे. गेटबाहेर पडलं की ताई.

लढाईच्या आधी फोरमन समोरच्या राजाला नमस्कार करायला लावायचे. खरोखर, गेममध्ये वाकून नमस्कार करायचं एक बटण होतं, ते. ‘मशीन उघडायच्या आधी करतो ना? मग ह्याला उघडायच्या आधीही.’ तेवढ्यात राजाचा एखादा फटका बसायचा आणि जिग्नेशभाई बोंबलायचे, ‘फोरमन, आ तो मारी नाखशे! नमस्ते पछी करो ने!’

आणि इतका हुशार माणूस, पण लढाईत कायम मागे. का, तर आजकालचे सगळे जोरदार बिल्ड बोटांचे असतात. डाव्या हाताने चार-पाच बटणं ओळीने, तालात दाबायची. मी सुऱ्यांची जोडी वापरायची; सेकंदाला तीन वार आणि मध्ये कोलांटी. फोरमनला एका वेळी एकच बटण जमायचं. म्हणून ते काठी घेऊन मागे राहायचे, आम्हाला बरं करत. राजा पडला की ज्याचा शेवटचा घाव त्याचं नाव आकाशात मोठ्या अक्षरांत उमटतं, गेममधल्या सगळ्यांना दिसतं. बहुतेक वेळा ते माझं असायचं. मी फोटो काढून नाशिकला भावाला पाठवायची.

एकदा असाच फोटो काढत होते तेव्हा फोरमन सहज बोलल्यासारखं म्हणाले, ‘ताई, एकदा तिथे आपलंही नाव बघायचं आहे.’ एवढंच. मग लगेच काकूंकडे पाणी मागितलं. पण मला ते असं लागलं की सांगता सोय नाही. त्या दिवसापासून आमच्या तिघांच्या डोक्यात तेच, फोरमनचा एक शेवटचा घाव. आणि तोही शेवटच्या गडावरच्या काळ्या राजावर, ज्याला आम्ही अजून एकदाही पाडलं नव्हतं.

मग एका शुक्रवारी पहिली पाळी सुटल्यावर आम्ही जमलो आणि माझ्या वाट्याला घण आला.

बाई गं, तो घण! गेमच्या एका सीझनमध्ये, म्हणजे हंगामात, एका गटाला एकदाच मिळणारा. त्याचा नियम वाचला आणि मी खुर्चीवरून उठूनच उभी राहिले. एकच बटण. ते दाबून धरायचं. जितका वेळ धराल तितका मार साठत जातो. सोडलं की घाव. ताल नाही, ओळ नाही, चार बोटं नाहीत. एक बटण, एक बोट!

‘फोरमन! अहो, हे तुमच्यासाठीच बनवलंय!’

फोरमननी खुर्ची माझ्या लॅपटॉपजवळ ओढली. नियम एकदा वाचला, पुन्हा वाचला. डाव्या हाताचं ते एक बोट टेबलावर ठेवून दाबून धरलं, आणि सोडलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मी घण गटाच्या सामायिक पेटीत ठेवला आणि म्हटलं घ्या, लावा, आत्ताच्या आत्ता लावा!

‘आठ दिवस,’ फोरमन म्हणाले. ‘पेटीतच राहू दे. परवाचा रविवार जाऊ दे, पुढच्या रविवारी बसवू.’

आता माझं ऐका. त्या आठवड्यात कारखान्यात स्वच्छतेची तपासणी होती आणि मी त्या समितीवर. माझ्या अंगात नुसतं वारं भरलं होतं. जी वस्तू सात दिवसांत कुणी हलवली नाही तिला लाल चिठ्ठी, आणि लाल चिठ्ठीवालं थेट मोडीत. हाच नियम आम्ही गंमत म्हणून गेमच्या पेटीलाही लावला होता, कारण ती सारखी भरायची. तसा रीतसर पुठ्ठा केला होता, खाली चौघांच्या सह्या होत्या. शनिवारी मी कारखान्यातली शेवटची रॅक मोकळी केली, खोलीवर आले, आणि त्याच झपाट्यात गेम उघडला. पेटी तारखेने लावली. सात दिवसांपेक्षा जुनं सगळं निवडलं. ‘मोडायचं? नक्की?’ नक्की! दाबलं, आणि आपण किती कामसू म्हणून खूश होऊन जेवायला गेले.

रविवारी फोरमननी पेटी उघडली. ते नवा शर्ट घालून बसले होते. घण नव्हता.

मला कळायला दोन सेकंद लागले. मग वाटलं जमिनीने गिळावं. ‘मी मोडला,’ मी म्हटलं. ‘काल. सफाईत. फोरमन, मी मोडला तो.’ आणि रडायलाच लागले. जिग्नेशभाई कपाळाला हात लावून म्हणाले, ‘अरे बेन, आ शुं कर्युं!’ प्रवीण नुसता भिंतीकडे बघत होता. सीझन संपला की काळ्या राजाचा गड बंद, आणि तो संपायला पुढचा एक रविवार उरला होता.

फोरमननी पेटीतल्या त्या रिकाम्या चौकोनावर माउस फिरवला. मग म्हणाले, ‘मोडून जे निघालं ते विकलंस का?’

‘नाही. खालच्या कप्प्यात आहे.’

‘मग रडते कशाला? मशीन मोडलं म्हणून पार्ट हरवत नाहीत. आणि नियमावर माझीही सही आहे. आठ दिवस पेटीत मीच ठेवायला लावला ना?’ त्यांनी कप्पा उघडला. लोखंडाचे तुकडे, चामडं, आणि एक लालसर दगड. घणाचा गाभा. असा गाभा दुसऱ्या कुठल्याही शस्त्रात बसवता येतो. घणाचा नियम त्या शस्त्राला मिळतो, घणाचं वजन मात्र मिळत नाही. सगळे जाणकार सांगायचे, गाभा टाकून द्या, वजनाशिवाय नियमाला काय चाटायचंय? फोरमन म्हणाले, ‘मला आठवडा द्या.’

त्या आठवड्यात फोरमनना भूत लागलं होतं. बुटका चौकातून हललाच नाही. रोज पाळी सुटली की ते मला गेटबाहेर गाठायचे, हातात नवा पुठ्ठा. बुधवारी ते जवळजवळ पळतच आले. ‘सापडलं ताई! काठीचीच एक ओळ आहे, कोणी वाचत नाही!’ ती ओळ अशी: बरं करताना जेवढं आयुष्य दिलं, त्यातला थोडा भाग काठीच्या पुढच्या घावात जमा होतो. साध्या काठीत ते टिकायचं नाही, लगेच उडून जायचं. पण घणाचा नियम बसवला तर? बटण दाबून धरलं आहे तोवर जमत राहणार! आणि फोरमनकडे एक दिवा होता, जो आसपासच्या जखमी माणसांना आपोआप बरं करायचा, त्याला बटणच लागत नव्हतं. म्हणजे आम्ही मार खायचा, दिवा आम्हाला बरं करणार, ते सगळं काठीत साठणार, आणि फोरमन एक बोट दाबून उभे राहणार. रस्त्यातच मी उडी मारली, रांध्याकडे जाणाऱ्या जीपमधले लोक वळून बघायला लागले.

‘पण,’ फोरमन म्हणाले, आणि पुठ्ठा पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: ‘ताई. चपळाई शून्य. अंगभर लोखंड. कोलांटी बंद. मार खाणे.’

‘म्हणजे माझा बिल्ड मोडायचा? दीड वर्ष लागलं मला तो करायला!’

‘शस्त्र एकाचं बदललं की चौघांचं बदलतं ताई. तू कोलांट्या मारून वाचलीस तर दिवा कोणाला बरं करणार?’

ज्या हाताने घण मोडला त्याच हाताने माझी चपळाई पुसली. त्या संध्याकाळी राजधानीच्या चौकात आम्ही चौघंही ओळीने लंगोटीवर उभे होतो. लोकांनी आमच्याभोवती गर्दी केली. कुणीतरी विचारलं, हा कुठला नवीन सण आहे का? जिग्नेशभाईंनी उत्तर दिलं, ‘मेन्टेनन्स चालू छे.’

शेवटचा रविवार. गडाचं दार उघडायच्या किल्ल्या उरल्या होत्या दोन. काकूंनी फोडणी टाकली होती. नमस्कार झाला. आणि मग आम्ही तिघं त्या काळ्या राजाला घेरून शहाण्यासारखे नुसते मार खात उभे राहिलो! त्याच्या चाबकाचा कोरडा फिरायचा, आमचं आयुष्य अर्ध्यावर यायचं, दिवा ते भरून काढायचा, आणि मागे बुटक्याच्या काठीच्या टोकाला लाल ठिणगी मोठी मोठी होत जायची. ‘सोडू का?’ फोरमन. ‘थांबा!’ आम्ही. ‘सोडू?’ ‘थांबा हो!’ ‘सोडतो!’ आणि धाड! राजाच्या आयुष्याची पट्टी एका घावात जवळजवळ तिसरा हिस्सा रिकामी. खोलीत असा आरडाओरडा झाला की शेजारच्यांनी दार वाजवलं. एका काठीने! बरं करायच्या काठीने!

तिसऱ्या घावानंतर राजाचं आयुष्य नखाएवढं उरलं, पण तो पिसाळला. प्रवीण पडला. जिग्नेशभाई ‘ओय मा’ करून पडले. उरले मी आणि फोरमन. फोरमननी बटण धरलं होतं. मी राजाच्या पाठीशी, दोन्ही सुऱ्या हातात. दोन वार, फक्त दोन, आणि तो संपला असता. माझी बोटं बटणांवर होती. मी ती उचलली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

कोरडा माझ्या अंगावर आला, आयुष्य एका थेंबावर. फोरमननी सोडलं. धाड! राजा गुडघ्यावर आला, आडवा झाला, आणि आकाशात त्यांचं नाव उमटलं. सोन्याच्या अक्षरांत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रवीणने मला मिठीच मारली. काकू कालथा घेऊन धावत आल्या, ‘काय व्हयनं? काय व्हयनं?’

फोरमन हलले नाहीत. नाव विरून गेलं तेव्हा खुर्ची माझ्याकडे वळवली.

‘ताई, तुझे हात कुठे होते?’

माझं हसू तोंडावरच राहिलं. ‘मांडीवर,’ मी म्हटलं.

‘का?’

‘तुमचा घाव होता तो, फोरमन.’

‘माझा कसा?’ त्यांचा आवाज चढला. घण मोडला तेव्हा चढला नव्हता, मोटरच्या वेळी चढला नव्हता. ‘आणखी एक कोरडा बसला असता तर चौघंही गेलो असतो. आठवडाभराची चौघांची मेहनत! आणि तू हात बांधून बसून राहिलीस? अगं, लोक माझ्या हातातून पाना काढून घेतात ना, त्याचा मला राग येत नाही. पण काहीजण आधी बोल्ट हळूच ढिला करून ठेवतात आणि मग म्हणतात, फोरमन, तुम्ही काढा. त्यांचा येतो. मला वाटलं होतं तू त्यांच्यातली नाहीस.’

काकू कालथा घेऊन तशाच उभ्या. मला कानफटात बसल्यासारखं झालं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते बरोबर होते. मी घण मोडल्याची भरपाई करत होते, त्यांना खेळवत होते.

‘एक किल्ली आहे अजून,’ शेवटी प्रवीण म्हणाला.

‘लाव,’ फोरमन म्हणाले. ‘आणि ताई, तू माझ्या आधी मारायचं. तुझी सगळी ताकद लावून. कबूल?’

‘कबूल,’ मी म्हटलं. ‘जेवाले चला, थंडं हुई जाई,’ असं काकू म्हणत होत्या, पण ऐकतंय कोण!

या वेळी मी दया-माया सगळी बाजूला ठेवली. आधी डोळे पुसत खेळत होते, मग दात-ओठ खाऊन, मग तर फोरमन, घण, माझी चूक, सगळंच विसरले. समोर फक्त राजाची पट्टी दिसत होती. कोरडा फिरत होता, काठीची ठिणगी वाढत होती, मी लोखंड घालून जमेल तशा सुऱ्या चालवत होते. पहिला घाव. दुसरा. तिसरा. पुन्हा ते नखाएवढं आयुष्य. प्रवीण पडला. जिग्नेशभाई उभे होते, ओरडत होते, ‘मारो बेन, मारो!’ ठिणगी अजून लहान होती, फोरमनना वेळ हवा होता आणि मी तो द्यायला तयार नव्हते. पहिला वार बसला. नख अर्धं झालं. आता माझा राजा! मी दुसऱ्या वाराचं बटण दाबलं, माझी सुरी वर गेलेली मला दिसली, आणि मागून धाड आवाज आला. फोरमननी ठिणगी पुरती भरायची वाट बघितली नव्हती. जेवढं साठलं होतं तेवढ्यातच सोडलं होतं, बरोबर तेवढंच पुरेसं आहे हे ओळखून.

आकाशात त्यांचं नाव.

‘च्यायला!’ मी टेबलावर मूठ आपटली. ‘माझा होता तो! सुरी वर गेली होती माझी, एवढंसं राहिलं होतं! काय हो फोरमन, हे काय बरोबर नाही!’ माझे कान तापले होते, खोटं कशाला सांगू, मला खरंच रडू येत होतं, हरल्याचं.

मान वर केली तर फोरमन आकाशाकडे बघतच नव्हते. स्क्रीनवर नाव झळकत होतं आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते, टक लावून, आणि हसू त्यांच्या चेहऱ्यात मावत नव्हतं.

‘अगं ए!’ त्यांनी आत हाक मारली, इतक्या जोरात की आवाज चिरकला. ‘इकडे ये, लवकर ये! ताई चिडली बघ! खरंच चिडली!’